गोळीला दाद न देणारी आकडी

"गोळी एकही चुकवली नाही डॉक्टर, तरी परवा पुन्हा आलीच." मेंदूविकाराच्या ओपीडीबाहेर अर्धा तास बसलं, तर हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतंच. बोलणाऱ्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा ओशाळलेपण जास्त असतं, जणू पथ्य त्याचंच चुकलं. घरी वडीलधारं माणूस असेल तर अमावस्या, बाहेरची बाधा अशी कारणं तयार असतात. शिकल्यासवरल्या घरात "दुसऱ्या कंपनीची गोळी आणून बघू" असं चालू होतं.

आपण तिला फीट म्हणतो, आकडी म्हणतो, मिरगी किंवा फेफरंही म्हणतो. पुस्तकातलं नाव अपस्मार. मेंदूतल्या हजारो चेतापेशी एरवी आपापल्या वेळेला विजेचे बारीक संदेश सोडत असतात. त्या एकदम, एका ठेक्यात आणि अनावर सोडायला लागल्या की झटका येतो. जगात सुमारे ५ कोटी माणसांना हा आजार आहे आणि बहुसंख्यांचा तो औषधाने काबूत राहतो. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

हे उरलेले किती, याचा सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा आकडा ग्लासगोचा. तिथल्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० साली ५२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ज्या ४७० जणांनी आधी कधी फीटचं औषध घेतलं नव्हतं, त्यांच्यात पहिल्याच औषधावर ४७ टक्के लोकांची फीट थांबली. दुसऱ्या औषधावर आणखी १३ टक्क्यांची. तिसऱ्यावर जेमतेम १ टक्क्याची. हा उतार बघितला की पोटात कसंसंच होतं. पुढे त्याच शहरातल्या १,७९५ रुग्णांचा तीस वर्षांचा हिशेब २०१८ मध्ये आला. मधल्या काळात डझनाहून अधिक नवी औषधं बाजारात आली होती, तरी फीट थांबलेल्यांचं प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपासच राहिलं होतं.

म्हणून २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने व्याख्या करून टाकली: नीट निवडलेली, सोसलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं हरली, की त्या अपस्माराला 'औषधाला दाद न देणारा' म्हणायचं. चार किंवा सहा औषधं हरण्याची वाट बघायची नाही. व्यवहारात हेच सगळ्यांत जास्त विसरलं जातं. दहा वर्षं गोळ्यांची अदलाबदल करत राहिलेली माणसं आपल्याकडे सहज भेटतात.

एक गोष्ट आधी बाजूला काढतो. वरवर दाद न देणारी प्रत्येक फीट तशी खरोखर असतेच असं नाही. सकाळी उठल्या उठल्या हात उडून चहाचा कप खाली पडणारी किशोरवयीन मुलं असतात. त्या प्रकारच्या अपस्मारात कार्बामाझेपीन हे फीटचं नेहमीचं औषध दिलं तर त्रास वाढू शकतो. औषध वाईट नाही, ते चुकीच्या प्रकाराला दिलं गेलं. गणपतीची आणि नवरात्राची जागरणं हेही एक कारण, कारण अपुरी झोप भल्याभल्यांची बसलेली घडी मोडते. काही झटके तर विजेचे नसतातच, ते मनावरच्या ताणातून आलेले असतात, आणि व्हिडिओ ईईजी, म्हणजे झटक्याचं चित्रीकरण आणि मेंदूतल्या विजेची नोंद एकाच वेळी केल्यावरच ते कळतं. हे सगळं वगळूनही जे शिल्लक राहतात, त्यांच्याबद्दल हा लेख आहे.

प्रथिन म्हणजे डाळ नव्हे

प्रथिन म्हटलं की डोळ्यांसमोर डाळ, अंडी आणि जिममधल्या पोरांचा पावडरीचा डबा येतो. इथे तो अर्थ विसरून जायचा. पेशीच्या आत आणि तिच्या आवरणावर जी कामकरी यंत्रं असतात, ती बहुतेक सगळी प्रथिनांची बनलेली असतात. सोडियमचे कण आत घेणारं दार म्हणजे प्रथिन. बाहेरून आलेला रासायनिक निरोप ओळखणारा ग्राही म्हणजे प्रथिन. नको ते बाहेर उपसणारा पंपही प्रथिनच.

आणि फीटच्या जवळजवळ सगळ्या गोळ्या अशाच एखाद्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीन सोडियमच्या दाराला. क्लोबाझाम हे गाबा नावाचा 'शांत राहा' हा निरोप घेणाऱ्या ग्राहीला. लेव्हेटिरॅसिटॅम तर इतक्या आडबाजूच्या प्रथिनाला चिकटतं, की ते एसव्ही२ए नावाचं प्रथिन आहे हे औषध बाजारात आल्यानंतर काही वर्षांनी, २००४ मध्ये उमगलं. आधी गुण कळला, कारण मागाहून कळलं. या क्षेत्रात हे नेहमीचंच. व्हॅल्प्रोएट हे फीटचं औषध तर आधी दुसरी द्रव्यं विरघळवायला वापरलं जायचं. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये तपासलेलं प्रत्येक द्रव्य फीटवर चालतंय असं दिसायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की गुण त्या द्रव्यांचा नसून ती ज्यात विरघळवली त्या द्रवाचा आहे.

गोळी प्रथिनाला चिकटून काम करत असेल, तर ती हरण्याच्या वाटाही प्रथिनांपाशीच शोधाव्या लागतात. कधी गोळी ठरलेल्या प्रथिनापर्यंत पोचत नाही. कधी पोचते, पण ते प्रथिन बदललेलं असतं. कधी दोष भलत्याच प्रथिनात असतो आणि आपण नेम दुसरीकडेच धरलेला असतो. या तिन्ही वाटांना मिळून आपण एकच नाव देऊन बसलो आहोत, घोळ तिथूनच सुरू होतो.

देवडीवरचा पहारेकरी

फेनिटॉइनची गोळी गिळली. आतड्यातून ती रक्तात आली, यकृतातल्या प्रथिनांनी तिच्यावर थोडा हात चालवला, उरलेली अंगभर फिरायला लागली. रक्तातली पातळी तपासली तर कागदावर आकडा अगदी बरोबर. पण रक्तात असणं आणि मेंदूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत पॉल एर्लिख आणि नंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एडविन गोल्डमन यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला. सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. गोल्डमनने १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं. मधे भिंत आहे हे उघड होतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्या फटींतून फारसं काही झिरपत नाही. आत जायचं तर पेशीतूनच जावं लागतं, आणि त्या पेशींच्या रक्ताकडच्या अंगावर जुन्या वाड्याच्या देवडीवर बसावा तसा पहारेकरी बसलेला असतो. पी-ग्लायकोप्रोटीन त्याचं नाव. अनोळखी रेणू आत शिरला की तो पकडायचा आणि ऊर्जा खर्चून परत रक्तात फेकायचा, एवढंच त्याचं काम.

या पहारेकऱ्याची ताकद तुम्ही स्वतः अनुभवलेली असेल. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी रसायनाच्या दृष्टीने अफूच्या कुळातली आहे. ती आतड्याची हालचाल मंदावते, पण नेहमीच्या मात्रेत गुंगी आणत नाही, कारण मेंदूच्या दारातून पी-ग्लायकोप्रोटीन तिला हाकलून देतं. त्याहून नाट्यमय पुरावा अपघाताने मिळाला. नेदरलँड्समध्ये संशोधकांनी हा पहारेकरी नसलेले उंदीर तयार केले होते. पिंजऱ्यात गोचिडासारखे बारीक किडे झाले म्हणून सगळ्याच उंदरांना आयव्हरमेक्टिन फवारलं. साधे उंदीर ठणठणीत राहिले, बिनपहाऱ्याचे पटापट मेले. औषध थेट मेंदूत घुसलं होतं. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

या प्रथिनाचा शोध मात्र मेंदूत लागलेला नाही. १९७६ मध्ये टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग हे हॅमस्टरच्या अशा पेशींवर काम करत होते, ज्या एका विषाला पुरून उरल्या की इतर अनेक औषधांनाही दाद देईनाशा व्हायच्या. त्या पेशींच्या आवरणावर त्यांना हे प्रथिन ढिगाने सापडलं. पुढे कर्करोगाच्या गाठी केमोथेरपीला का जुमानत नाहीत, याचं एक कारण म्हणून ते गाजलं.

मग कुणाला तरी प्रश्न पडणारच होता. एकाच वेळी पाच वेगवेगळ्या औषधांना न जुमानणारी फीटसुद्धा याच कारणाने तशी होत असेल का? १९९५ मध्ये पहिला इशारा मिळाला. अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या १९ जणांच्या मेंदूच्या तुकड्यांपैकी ११ तुकड्यांत या पहारेकऱ्याच्या जनुकाचं काम साध्या मेंदूच्या दहापटीहून जास्त जोरात चाललेलं आढळलं. नंतर उंदरांवरच्या प्रयोगांतून त्याची साखळीही हाती लागली. फीटमध्ये ग्लुटामेट नावाचा 'पेटून उठा' हा निरोप बेसुमार सुटतो, त्याने दाहाशी संबंधित कॉक्स-२ हे प्रथिन जागं होतं आणि ते पहारेकऱ्यांची भरती वाढवतं. म्हणजे फीट येते म्हणून पहारा वाढतो, पहारा वाढतो म्हणून गोळी आत जात नाही, आणि गोळी जात नाही म्हणून फीट येते.

कल्पना देखणी आहे. देखण्या कल्पनेचा मोह शास्त्रज्ञांनाही सुटत नाही, त्यामुळे १९९५ ते २०१० या काळात या एका प्रथिनावर शोधनिबंधांचा पाऊस पडला. हॅनोव्हरमध्ये फिनोबार्बिटोन या फीटच्या जुन्या औषधाला न जुमानणाऱ्या उंदरांना पहारेकऱ्याला अडवणारं तारिक्विडार दिलं, तर तीच गोळी पुन्हा चालायला लागली. २०१३ मध्ये जिवंत माणसांच्या पेट स्कॅनमध्येही, औषधाला दाद न देणाऱ्यांच्या कानशिलामागच्या मेंदूच्या काही भागांत हा पहारा जास्त कडक असल्याच्या खुणा दिसल्या.

आता दुसरी बाजू. लंडनच्या एका अभ्यासाने २००३ मध्ये सांगितलं की या प्रथिनाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकावरून कोण औषधाला दाद देणार नाही याचा अंदाज बांधता येईल. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. त्याहून अडचणीची गोष्ट अशी, की प्रयोगशाळेत तपासल्यावर माणसातलं पी-ग्लायकोप्रोटीन फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन यांना थोडंफार बाहेर फेकतं, पण कार्बामाझेपीन आणि व्हॅल्प्रोएट यांना हातही लावत नाही. मग तीही औषधं त्याच रुग्णात का हरतात? शिवाय पहारेकऱ्याला झोपवणारी औषधं माणसांत देऊन फारसं काही साधलेलं नाही. आणि झोपलेला पहारेकरी फक्त आपल्या गोळीलाच आत सोडेल असं थोडंच आहे?

माझं मत विचाराल तर हा पहारेकरी गुन्ह्यात सामील आहे, सूत्रधार नाही.

कुलूप बदललं तर

समजा गोळी आत पोचली. आता दुसरी शक्यता बघू.

सोडियमच्या दारावर चालणाऱ्या औषधांत एक खुबी आहे. ती सरसकट सगळी दारं बंद करत नाहीत. जे दार सारखं उघडझाप करतंय, त्यालाच ती जास्त चिकटतात आणि पुन्हा उघडायला उशीर लावतात. त्यामुळे साधा विचार, बोलणं, हिशेब चालू राहतात आणि झटक्याचा भडिमार तेवढा अडतो. कार्बामाझेपीनची सारी कमाई या निवडकपणात आहे. जर्मनीतल्या बॉन शहरात २००३ साली शस्त्रक्रियेतून मिळालेल्या मेंदूच्या पेशींवर हे तपासलं गेलं. ज्यांची फीट कार्बामाझेपीनला दाद देत होती त्यांच्या पेशींत ही खुबी शाबूत होती. दाद न देणाऱ्यांच्या पेशींत ती गायब होती. गोळी पोचली, दार समोर होतं, पण पकड बसत नव्हती.

पण मग तीच माणसं लेव्हेटिरॅसिटॅमने बरी व्हायला हवीत, कारण त्याचं प्रथिन वेगळं. तशी ती बऱ्याचदा होत नाहीत. म्हणजे हेही कारण एकटं पुरत नाही. मेंदूत काय आणि कुठे कितपत बिघडलंय, त्यावर सगळं अवलंबून राहतं. आजार मुळातच जास्त जोरकस असणं, ही एक साधी शक्यताही आहेच. औषध सुरू करण्याआधीच ज्यांना खूप वेळा झटके आलेले असतात, त्यांची फीट काबूत येण्याची शक्यता कमी असते.

कुलूप बदलायला वर्षं लागतात असं मात्र समजू नका. गाबाचे ग्राही पेशीच्या आवरणावर कायम ठोकून बसवलेले नसतात, पेशी ते आत ओढूनही घेते. झटका लांबत गेला की नेमकं हेच घडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत झटका तासभर चालू राहिला तोवर संपर्कस्थळांवरचे हे ग्राही लक्षणीय प्रमाणात पेशीच्या पोटात गेलेले दिसले. मिडाझोलाम, लोराझेपाम ही औषधं याच ग्राहींवर काम करतात. पहिल्या काही मिनिटांत नाकात मारलेला फवारा झटका थांबवतो, आणि तेच औषध तासाभराने शिरेतून देऊनही पुरत नाही, ते यामुळे. झटका ५ मिनिटांच्या पुढे गेला की तातडीचा समजायचा, या नियमामागे इतर कारणांबरोबर हे आत ओढले जाणारे ग्राहीही आहेत. चप्पल नाकाला लावण्यात किंवा कांदा हुंगवण्यात गेलेली मिनिटं नेमकी हीच असतात. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, त्यामुळे श्रेय चपलेला मिळत आलं आहे.

नेमच चुकीचा

मला स्वतःला तिसरी वाट सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे प्रथिनाचं नाव कळलं की उपचार खरोखर बदलतात.

द्रावे सिंड्रोम हा आजार घ्या. फ्रेंच डॉक्टर शार्लोट द्रावे यांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. बाळ पहिले काही महिने अगदी चांगलं असतं. मग सहाव्या महिन्याच्या आसपास तापात लांबलचक झटका येतो, कधी अर्ध्याच अंगाचा. पुढे ताप, लस, गरम पाण्याची अंघोळ अशा निमित्तांनी ते येत राहतात आणि गोळ्या बदलून काही उपयोग होत नाही. २००१ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना कारण सापडलं: एससीएन१ए या जनुकातला बिघाड. हे जनुक सोडियमचं एक दार बनवतं, आणि बिघाडामुळे ती दारं निम्मीच तयार होतात.

इथे कुणीही चक्रावेल. सोडियमची दारं कमी असतील तर पेशी थंड पडायला हवी. फीट कशी काय येते? उत्तर मिळायला आणखी काही वर्षं गेली. हे विशिष्ट दार मुख्यतः ब्रेक लावणाऱ्या पेशींत असतं. दारं निम्मी झाली की ब्रेकच लुळा पडतो आणि बाकीच्या पेशी मोकाट सुटतात. आता अशा मुलाला कार्बामाझेपीन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन दिलं तर काय होईल? आधीच निम्म्या उरलेल्या दारांनाही खीळ. झटके वाढतात. ते वाढले म्हणून मात्रा वाढवली तर आणखी वाढतात. कागदावर ही 'औषधाला दाद न देणारी' फीट, प्रत्यक्षात औषधच तिला खतपाणी घालतंय. निदान झाल्यावर व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल यांच्याकडे वळता येतं. अलीकडे कॅनाबिडिओल आणि फेनफ्लुरामीन यांचीही भर पडली आहे. झटके पूर्ण थांबतात असं नाही, पण आगीत तेल ओतणं तरी थांबतं.

दुसरं उदाहरण साखरेचं. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज, आणि रक्तातून ते भिंतीपलीकडे नेणारं वाहक प्रथिन म्हणजे ग्लुट-१. हे प्रथिन अपुरं असलेली दोन मुलं १९९१ मध्ये डॅरिल डी व्हिवो यांनी नोंदवली. रक्तातली साखर व्यवस्थित, मणक्यातलं पाणी काढून तपासलं तर त्यात साखर कमी. मेंदू भरल्या घरात उपाशी होता. अशा मेंदूला फीटच्या गोळ्या किती द्याल? त्याला दुसरं इंधन हवं. ते चरबीतून बनणाऱ्या कीटोन द्रव्यांच्या रूपाने मिळतं, आणि त्यांना आत जायला वेगळं दार आहे. म्हणून इथे कीटोजेनिक आहार हाच मुख्य उपचार ठरतो. भात, पोळी, गूळ जवळजवळ बंद, आणि तूप, खोबरेल, लोणी, पनीर ग्रॅमवर तोलून. आज वजन उतरवायला 'कीटो' करणाऱ्यांना कल्पना नसते, पण या आहाराची सुरुवात १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अपस्मारासाठीच झाली होती. हा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीशिवाय मुलांवर करून बघायचा नसतो. मुतखडे होणं, वाढ खुंटणं असले धोके त्यात आहेत.

कधी प्रथिन धडधाकट असतं आणि शरीराची प्रतिकारशक्तीच त्याच्यावर उठते. चेतापेशींच्या सांध्यात एलजीआय१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली की बहुधा पन्नाशी-साठीतल्या माणसाचा चेहरा आणि एक हात क्षणभर आखडतो, दिवसातून कित्येकदा. सोबत विसराळूपणा वाढतो. फीटच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, स्टेरॉइड आणि तत्सम औषधांनी मात्र फरक पडतो. हे लवकर ओळखलं तर स्मृती वाचवता येते.

आणि मग एमटॉर. या प्रथिनाची गोष्ट सांगायची तर ईस्टर बेटापासून सुरुवात करावी लागते. त्या बेटाचं मूळ नाव रापा नुई. १९६४ मध्ये तिथून गोळा केलेल्या मातीत एक जिवाणू होता. कॅनडात मॉन्ट्रियलला काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल यांनी त्यातून एक द्रव्य वेगळं काढलं. बेटाच्या नावावरून ते झालं रापामायसिन. मधे कंपनीने प्रयोगशाळा आवरली, तेव्हा सहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला, डब्यावर 'खाऊ नका' अशी चिठ्ठी लावून. पुढे हे द्रव्य ज्या प्रथिनाला चिकटतं त्याला एमटॉर म्हणायला लागले. पेशीने किती वाढायचं, हे ठरवणारा तो कारभारी.

ट्युबरस स्क्लेरोसिस या आजारात एमटॉरला आवरणारी प्रथिनं बिघडतात. पेशी बेढब वाढतात, मेंदूत गाठी होतात आणि हट्टी फीट सुरू होते. अंगावरचे पांढुरके चट्टे ही त्याची एक लवकरची खूण, जी आपल्याकडे 'जंत झालेत' म्हणून सोडून दिली जाते. रापामायसिनचंच भावंड असलेलं एव्हरोलिमस या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ३६६ जण होते. जास्त मात्रेच्या गटात ४० टक्के लोकांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १५ टक्क्यांचे. चाळीस हा आकडा फार मोठा वाटणार नाही, पण ही आधीची औषधं हरलेली माणसं होती.

एमटॉरच्या वाटेवरचे बिघाड आणखी एका ठिकाणी सापडले, आणि ते फार चकवणारं ठिकाण होतं. फोकल कॉर्टिकल डिसप्लेझिया म्हणजे मेंदूच्या सालीतला जन्मजात वेडावाकडा विणलेला एक ठिपका. त्याच्या एका प्रकारात जनुकाचा दोष फक्त त्या ठिपक्यातल्या काही पेशींत असतो. गर्भात मेंदू घडत असताना एका पेशीत चूक झाली आणि तिच्या लेकी-नातींत उतरली. आईवडिलांत दोष नाही, रुग्णाच्या रक्तातही नाही. 'जनुकीय तपासणी नॉर्मल आली' हा कागद हातात असतो, आणि दोष कवटीच्या आत दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत बसलेला असतो.

कापून काढलेला तुकडा

असा ठिपका सापडला, किंवा कानशिलामागच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागात व्रण सापडला, तर तो भाग काढून टाकणं हा उपाय शिल्लक राहतो. दिल्लीच्या एम्समध्ये औषधाला दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं वर्षानंतर झटक्यांपासून मुक्त होती. फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटातल्या एक तृतीयांश मुलांना गंभीर परिणामही सोसावे लागले, मुख्यतः एका बाजूचा अशक्तपणा, आणि त्यातले बरेचसे कुठला भाग काढायचा यावरून आधीच अपेक्षित होते. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, बंगळुरूची निम्हान्स आणि मुंबईतली काही रुग्णालयं हे काम करतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या नावाने घरात रडारड होते, ते समजण्यासारखं आहे. पण दोन औषधं हरल्यावर तिसरी, चौथी, पाचवी गोळी बदलत वर्षं घालवण्याची किंमत कुणी मोजत नाही. निदान शस्त्रक्रियेजोगी जागा आहे का, एवढी तपासणी तरी लवकर व्हायला हवी.

वर सांगितलेलं पुष्कळसं ज्ञान अशाच काढून टाकलेल्या तुकड्यांतून आलं आहे. पॅरिसमध्ये संशोधकांनी हिप्पोकॅम्पसलगतच्या भागाचे पातळ काप करून प्राणवायू मिसळलेल्या खारट पाण्यात ठेवले. २००२ मध्ये त्यांनी जे लिहिलं ते वाचून अजूनही अंगावर काटा येतो. माणूस दुसरीकडे शस्त्रक्रियेतून सावरत असताना त्याच्या मेंदूचा हा काप बशीत आपला आपण ठेका धरून विजेच्या लहरी सोडत होता. जवळून पाहिल्यावर दिसलं की काही पेशींना गाबा हा 'शांत राहा' असा निरोप दिला, तर त्या शांत होण्याऐवजी चेतवल्या जात होत्या. पुढच्या कामात कारण सापडलं. पेशीतलं क्लोराइड बाहेर उपसणारा केसीसी२ नावाचा पंप त्यांतल्या बऱ्याच पेशींत नव्हताच. क्लोराइड आत साठलं की गाबाचा अर्थ उलटतो. अशा पेशींवर क्लोबाझामने ब्रेक दाबला तर नेमकं काय दाबलं जातं, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

साठलेलं क्लोराइड कमी करायला लघवी वाढवणारं जुनं बुमेटॅनाइड उपयोगी पडेल, असं वाटलं होतं, कारण ते क्लोराइड आत आणणाऱ्या दुसऱ्या पंपाला अडवतं. युरोपात नवजात बाळांवर ते वापरून पाहिलं. झटके आवरले नाहीत, काही बाळांच्या ऐकण्यावर परिणाम झाला आणि चाचणी मधेच थांबवली गेली. एक अडचण तर अगदी ओळखीची निघाली: बुमेटॅनाइड देवडीवरच अडतं, मेंदूत पुरेसं पोचतच नाही.